डाव्या कोपऱ्यातला पक्षी

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रीतमने पुण्याहून त्याचा जुना कॅमेरा पाठवला. त्याने नवीन घेतला म्हणून हा माझ्याकडे आला. सोबत दोन लेन्स, एक पट्टा आणि फोनवरून उपदेश : "बाबा, रिटायर झाल्यापासून तुमी आईच्या मागंमागं फिरून राहिले म्हणे. बाहेर निघा जरा. पाखरं पाहा."

म्हणजे तक्रार पुण्यापर्यंत गेली आहे. जन्मभर भूमी अभिलेखात मोजणी केली, लोकांच्या शेतांच्या बांधांची, धुऱ्यांची भांडणं मिटवली. आता घरी बसून डाळीचे डबे एका रेषेत लावतो, एवढाच माझा गुन्हा. ललिता म्हणते मी तिच्या स्वयंपाकघरात हद्दीचे दगड रोवतो.

संध्याकाळी अमरावतीच्या पाखरू मंडळाचा सभासद झालो. सचिव कुंदनभाऊ. बी-बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं, आणि दुधी भोपळ्याएवढी लेन्स. अध्यक्ष संध्या मॅडम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. कुंदनभाऊंनी लगेच सल्ला दिला. "भाऊ, लेन्सचा आकडा सोळावर ठेवा. सगळं चकाचक येते." सोळा म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करायचं. भरपूर ऊन असेल तेव्हाच चालतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वडाळी तलावावर बगळ्यांचे फोटो काढले. बगळे ठीकच. पण घरी कॉम्प्युटरवर पाहतो तर आभाळाच्या डाव्या कोपऱ्यात, वर, एक लहानसा काळसर पक्षी. एक पंख सरळ, डावा पंख मधूनच वाकलेला. फोटो काढताना तो मला दिसला नव्हता. कॅमेऱ्याला डोळा लावून पाहिलं तेव्हाही नाही. कॅमेऱ्याची नजर माझ्यापेक्षा तेज आहे, हे मान्य केलं पाहिजे.

ललिताला दाखवला. तिने चारी फोटो पाहिले.

"चारी फोटोत तठीच कसा काय उडून राहिला हा?"

मी तिला पुस्तक उघडून दाखवलं. काही शिकारी पक्षी हवेत एका जागी थांबून खाली सावज हेरतात. ती "असं काय" म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. शासकीय दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती ती, पक्ष्यांचा अभ्यास नाही तिचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची मालखेड तलावावर फेरी होती. संध्या मॅडमना फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून पाहिले, चष्मा काढला, पुन्हा पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"देवरावजी, दुर्बिणीतून पाहिला होता हा?"

मी हो म्हणालो.

इथे खरं लिहून ठेवतो. त्या दिवशी दुर्बीण घरी होती. शब्द तोंडातून कसा निघाला कळलं नाही. नोकरीत असं एकदाही केलं नाही.

त्या हळूच म्हणाल्या, "एक काम करा. जिथं एकही पाखरू नाही अशा नुसत्या आभाळाचा फोटो काढा. सोळावरच. आणि तो मला एकटीला दाखवा."

एकटीला. म्हणजे शोध फुटू नये असं त्यांनाही वाटतं. त्या आणखी काही बोलणार तेवढ्यात कुंदनभाऊंनी मागून मान घातली.

"अरे, हा तर अमूर ससाणा. सैबेरियातून आफ्रिकेले जाते. आपल्या यादीत नाही हा." आणि त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. पंधरा माणसांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. आनंदाने बोलवेना त्यांना.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गच्चीवर चढून रिकाम्या आभाळाचा फोटो काढला. चांगला न्याहाळून, एक माशीसुद्धा नसताना. तरी पक्षी आला. त्याच जागी.

सचिव म्हणून कुंदनभाऊंना एक प्रत पाठवली, शोध त्यांना ठाऊकच होता. मग मॅडमना पाठवला. उत्तर आलं : "अगदी हेच वाटलं होतं. आता कॅमेऱ्याच्या आत बघा."

लगेच कार्ड काढून आतले सगळे जुने फोटो तपासले. आणखी नऊ ठिकाणी सापडला. तसं कळवलं. त्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले. मीही नमस्कार पाठवला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ललिताच्या माहेरी, तेल्हाऱ्याला आलो आहोत. कॅमेरा होताच. दुपारी मेहुण्याच्या शेतात फोटो काढले आणि तिथेच बांधावर बसून मोठे करून पाहिले. पक्षी इथेही आहे. अमरावतीहून एवढ्या लांब, आणि बरोबर डाव्या कोपऱ्यात.

त्याची एक सवयही आज लक्षात आली. ऊन उतरल्यावर फोटो काळे येऊ लागले म्हणून आकडा सोळावरून पाचावर आणला. तेव्हापासून तो नाही. म्हणजे हा भर उन्हाचा पक्षी. ऊन गेलं की निघून जातो. हे निरीक्षण कुठल्याही पुस्तकात नाही.

ललिताला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "त्याचा जीव बसला तुमच्यावर," ती म्हणाली. "माह्या माहेरीसुद्धा सोबत आला. इतकी सोबत तर तुमी मले नाही केली." मग ती आणि तिची भावजय बराच वेळ हसत होत्या. माहेरी आली की ती अशीच वागते.

३ डिसेंबर, बुधवार

मंडळाच्या ग्रुपवर कुंदनभाऊंनी फोटो टाकला. अकोल्याजवळ कापशी तलावावर त्यांना ससाणा दिसला. फोटोत फक्त निळं आभाळ आणि मधोमध पक्षी. खाली मजकूर : "प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला. पाय केशरी. माझ्या डोक्यावरून दोन चकरा मारल्या."

मी फोटो मोठा केला. डावा पंख तसाच मधून वाकलेला. तोच पक्षी. माझाच. आधी आनंद झाला. माझ्याशिवाय दुसऱ्याला दिसला म्हणजे शंकेला जागा राहिली नाही. दुर्बिणीबद्दल जे बोललो होतो त्याचंही ओझं थोडं उतरलं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आणखी दोघांनी लिहिलं. आता चार जणांना तो दिसला आहे. एकाने तर आवाजही ऐकला.

मॅडमनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी चैत्यभूमीचं थेट प्रक्षेपण पाहिलं. दुपारी कुंदनभाऊंचा फोन. वर्षअखेरीच्या पुस्तिकेत ससाण्याची नोंद जाणार. "प्रथम नोंद : कुंदन. सहकार्य : देवराव." मी विचारलं, असं कसं. तर म्हणाले, "भाऊ, तुमच्या फोटोत तो लय बारका दिसते. माह्या फोटोत मोठा आहे. एकवीस तारखेच्या सभेत तुमच्याही नावाचा उल्लेख करतो, काळजी नका करू."

सहकार्य. शेत माझं, मोजणी माझी आणि सातबारा त्यांच्या नावे. मी गप्प बसणार नाही. माझे सगळे फोटो तारखेसह मांडून दाखवतो.

७ डिसेंबर, रविवार

काय लिहू.

फोटो एका मापाचे छापून आणले. नकाशे जुळवायचे तसे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. वडाळी, मालखेड, तेल्हारा. पक्षी पक्ष्यावर पडला. पंख पंखावर. केसाचाही फरक नाही. मी अभिमानाने ललिताला हाक मारली. तेवढ्यात हाताखालचा आणखी एक छापील फोटो चुकून वर आला. मिस्त्रीला दाखवायला मोरीच्या पांढऱ्या भिंतीच्या ओलीचा काढला होता तो. डाव्या कोपऱ्यात पक्षी होता.

मोरीत.

प्रीतमला फोन लावला. तो इतका हसला की त्याच्या बायकोने फोन घेतला. मग त्याने समजावलं. फिल्मच्या जागी आत जी पाटी असते, सेन्सर, तिच्यावर कचरा बसला आहे. लेन्स बदलताना आत गेला असेल. भोक बारीक केलं की त्याची सावली स्पष्ट पडते, मोठं केलं की पुसट होऊन दिसेनाशी होते. म्हणून सोळावर पक्षी, पाचावर नाही.

मी फोन ठेवला. ललिता समोरच उभी होती.

"तुले माहीत होतं?"

"पक्षी नाही एवढं पयल्या दिवशीच समजलं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुमी रोज घराबाहेर जाऊन राहिले होते," ती म्हणाली. "म्हटलं, कशाले बोलू."

८ डिसेंबर, सोमवार

संध्या मॅडमना फोन केला. त्यांनाही माहीत होतं.

"मग मला सरळ का नाही सांगितलं, मॅडम?"

"सांगितलं की. रिकाम्या आभाळाचा फोटो काढा म्हटलं, आत बघा म्हटलं. तुम्ही कार्ड तपासलं." आणि म्हणाल्या, "पुढे कुंदनभाऊंचा फोटो आला. मग म्हटलं, आता थोडं थांबावं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या कॅमेऱ्यातला कचरा कुंदनभाऊंच्या कॅमेऱ्यात कसा जाईल? त्यांच्या फोटोतलं आभाळ कापशीचं नाही. माझ्या गच्चीवरचं आहे. मी पाठवलेल्या फोटोतला कोपरा कापून मोठा केला आहे त्यांनी.

माणसाने दुसऱ्याचा मोर चोरावा, पोपट चोरावा. मोरीतला कचरा चोरला.

मॅडम म्हणाल्या, कुंदनभाऊंच्या बऱ्याच नोंदी अशाच आहेत, पण हाती काही लागत नव्हतं. "सभेत काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मात्र तो कचरा निघाला तर फेकू नका. मला पाहायचा आहे."

९ डिसेंबर, मंगळवार

प्रीतमने बजावलं होतं की तोंडाने फुंकायचं नाही. पण फुंकर घालून पाहायला काय हरकत, असं वाटलं. लेन्स काढली, आतला आरसा वर उचलायची सोय आहे ती वापरली आणि जोरात फुंकलं.

मग आभाळाचा फोटो काढला. आता थवा आहे.

ललिता म्हणाली, "आता कुंदनभाऊले सांगा, बायकापोरं घेऊन आला म्हणावं."

१४ डिसेंबर, रविवार

साफ करायचं सामान काल कुरिअरने आलं. रबरी फुगा, बंद पाकिटांत चपट्या टोकाच्या काड्या, द्रवाची चिमुकली बाटली. मी टेबल पुसून बसलो तर ललिताने मला उठवलं.

"हात धुतले?"

धुतले होते. तिने पुन्हा धुवायला लावले, कोपरापर्यंत. पंखा बंद. खिडक्या बंद. टेबलावर धुतलेली चादर. मला स्वेटर काढायला लावला, लोकर झडते म्हणून. दोघांच्या तोंडाला मास्क. मोबाइलचा टॉर्च तिने धरला. इतकी वर्षं ती थिएटरमध्ये कशी उभी राहत असेल, ते आज पहिल्यांदा पाहिलं.

बॅटरी पूर्ण भरलेली होती. मधेच संपली तर वर उचललेला आरसा काडीवर खाली पडतो. कॅमेरा पालथा धरून आधी फुग्याने हवा मारली. लहानसहान कचरा खाली पडला. पुन्हा फोटो. थवा विरळ झाला, पण मुख्य पक्षी जागेवर. थुंकीचे दोन डागही.

आता काडी. टोकावर दोन थेंब. पक्षी वर डावीकडे दिसतो म्हणून मी पाटीच्या वरच्या भागावर मन लावून काडी फिरवली. डाग गेले, पक्षी नाही. दुसरी काडी, तसंच. मी घामाघूम.

"आतमध्ये चित्र उलटं पडत असन ना?" ललिता टॉर्चमागून म्हणाली. "मंग वरचा डाग खालीच पाहा ना."

आयुष्यभर नकाशे वाचले मी. मान खाली घालून नवीन काडी घेतली आणि खालच्या कडेने एकदाच, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. प्रीतमने सांगितलं होतं, घासायचं नाही, परत मागे यायचं नाही.

गच्चीवर गेलो. सोळा. आभाळ. खाली येऊन पाहिलं.

रिकामं. इतकं स्वच्छ आभाळ मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं सुनंही वाटलं.

काडीच्या टोकावर एक बारीकसा तंतू होता, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा. ललिताने तिच्या जुन्या सवयीने काडी डबीत घालून झाकण लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली : पेशंट देवराव.

२१ डिसेंबर, रविवार

सभा कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. माझ्या खिशात एक पाकीट होतं. त्यात माझा गच्चीवरचा फोटो आणि कुंदनभाऊंचा फोटो, एका मापाचे, एकावर एक. जाताना ललिता म्हणाली, "काय बोलाचं ते बोला. पण जेवाले घरी या. मारामारी करून नका येऊ."

कुंदनभाऊंनी भाषण केलं. सैबेरिया, आफ्रिका, कापशी, केशरी पाय. चकरा आता दोनाच्या तीन झाल्या होत्या. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माझं नाव घेतलं आणि मी उभा राहिलो.

"तो पक्षी नव्हता," मी म्हणालो. "माझ्या कॅमेऱ्याच्या आतला कचरा होता. मी साफ केला. आणि दुर्बिणीतून पाहिला असं मॅडमना म्हणालो होतो, तेही खोटं होतं. दुर्बीण घरी होती."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पंधरा माणसांसमोर कान गरम होतात म्हणजे काय होतं ते कळलं. मोजणीला गेलो की दोन्हीकडची भांडणारी माणसं म्हणायची, साहेब म्हणतील ते मान्य. तो शब्द मी एका काडीच्या टोकाएवढ्या गोष्टीसाठी वापरून टाकला होता.

मॅडमनी डबी मागितली. काडीवरचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. एक टोक सरळ, दुसरं मधून वाकलेलं. सगळ्यांनी ओळखला. पिळे पडलेली चपटी फीत होती ती. मॅडमनी सांगण्याआधीच मागून कोणीतरी बोललं, "हा तं कापूस आहे."

कापूसच होता. कॅमेरा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी धामणगावला जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांचे फोटो काढताना मी उभ्या उभ्या लेन्स बदलली होती, ते मला तेव्हा आठवलं.

मग हशा झाला. मीही हसलो. हशा ओसरल्यावर मॅडम शांतपणे वळल्या.

"कुंदनभाऊ, मग तुमच्या फोटोत काय आहे?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांचा चेहरा उतरला. ज्याला आवाज ऐकू आला होता तो सभासद बुटाची नाडी बांधत होता. माझा हात खिशातल्या पाकिटावर होता. आठवडाभर मी ते कसं काढायचं, कुठल्या हाताने धरायचं, हे ठरवलं होतं. पण माझे कान अजून गरम होते. त्यांचे किती होतील ते मला कळत होतं.

"कापसाचा सीझन आहे, मॅडम," मी म्हणालो. "हवेत उडतेच. कुंदनभाऊंच्याही कॅमेऱ्यात गेला असन."

"असंच झालं असन," कुंदनभाऊ पटकन म्हणाले.

"आणि केशरी पाय?" मागून प्रश्न आला.

कुंदनभाऊंनी थोडा विचार केला. "ऊन होतं," ते म्हणाले.

पुस्तिकेतली नोंद काढायचं ठरलं. कुंदनभाऊंच्या मागच्या नोंदीही फोटो मागवून पुन्हा तपासायच्या, असं मॅडमनी सहज बोलल्यासारखं सुचवलं. ठराव मी मांडला. अनुमोदन कुंदनभाऊंना द्यावं लागलं.

बाहेर पडताना मॅडमनी विचारलं, "खिशात काय होतं, देवरावजी?"

"काही नाही. नकाशा होता एक."

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळीच कुंदनभाऊ घरी आले. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग. चहा झाला, थंडीबद्दल बोलणं झालं, तुरीचे भाव झाले. मग त्यांनी बॅग पुढे सरकवली.

"भाऊ, सगळे विचारून राहिले, कॅमेरा साफ केला का म्हणून. तुमी तुमचा केला. माह्याही करून द्या."

ललिताने चादर अंथरली. हात धुतले. त्यांनाही मास्क लावायला दिला. मी आधी आभाळाचा फोटो काढून आणला, सोळावर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आरशासारखा स्वच्छ. एक कण नाही. दुकानात काचेच्या कपाटात ठेवत असतील ते.

मी फोटो पाहून मान हलवली. "बरंच आहे," म्हणालो.

मग सगळं रीतसर केलं. आरसा वर, कॅमेरा पालथा, फुग्याची हवा. काडी उघडली, द्रव घातला आणि आत न टेकवता सावकाश इकडून तिकडे नेली. ललिताने टॉर्च धरला होता. ती हसू दाबत होती. मास्क होता म्हणून बरं. कुंदनभाऊ खुर्चीच्या टोकावर बसून पाहत होते, पोराचं ऑपरेशन असल्यासारखे.

"निघाला काय?" त्यांनी विचारलं.

"निघाला."

"पाहू."

याचा विचार मी केला नव्हता. काडी माझ्या हातात होती आणि तिचं टोक पांढरंशुभ्र. ललिता म्हणाली, "थांबा, हात लावू नका, मी देते." काडी माझ्याकडून घेऊन ती आत गेली. तिच्या औषधाच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा काडी डबीत होती आणि टोकावर चांगला बोटभर कापूस चिकटलेला होता.

कुंदनभाऊंनी डबी उजेडात धरली. बराच वेळ पाहत राहिले. एवढा कापूस त्या कॅमेऱ्यात मावला नसता, हे त्यांनाही कळत असणार. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"मोठा होता," ते शेवटी म्हणाले. "मले वाटलंच होतं. तुमच्यापेक्षा मोठा."

डबी त्यांनी जपून वरच्या खिशात ठेवली.